पुराचा हिशेब मांडणारा माणूस

(बी. ए. तृतीय वर्ष, भूगोल)

आमच्या गंगाखेडात गोदावरीला गोदावरी म्हणणारी माणसे थोडी. आम्ही तिला गंगाच म्हणतो. संत जनाबाईंचे हे गाव तिच्या काठी वसले आहे. पहाटे स्नानाला निघालेल्या आजीबाईपासून अस्थी घेऊन आलेल्या परगावच्या माणसापर्यंत प्रत्येकजण तिच्याकडे हात जोडूनच जातो. उन्हाळ्यात हीच गंगा वाळूत लपून बसते आणि एखाद्या पावसाळ्यात अशी येते की काठावरची गावे रात्रभर जागी राहतात. आमच्याकडची जुनी माणसे पूर आकड्यांनी सांगत नाहीत. अमक्या साली पाणी घाटाच्या अमक्या पायरीला लागले, तमक्या साली देवळाच्या उंबऱ्याला शिवले, अशी त्यांची मोजणी असते.

या लेखात मला एका अभियंत्याचे चरित्र सांगायचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने अभियंत्यावर का लिहावे, असे काही मित्रांनी मला विचारले. त्याचे उत्तर माझ्या घरात घडलेल्या एका प्रसंगात आहे, म्हणून आधी तो सांगतो.

माझे गाव गंगाखेड तालुक्यातले, अगदी नदीकाठचे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि गोदाकाठच्या गावांत पाणी शिरले. एका रात्री गावातल्या मोबाइलवर निरोप फिरला की वरून इतके हजार क्युसेक पाणी सोडले आहे, काठच्या लोकांनी सावध राहावे. निरोप वेळेवर आला होता. बाबांनी तो वाचला आणि माझ्यापुढे धरला. परंतु क्युसेक म्हणजे काय, आणि तेवढ्या क्युसेकने पाणी आपल्या आखाड्यापर्यंत येणार की अलीकडेच थांबणार, हे मला सांगता आले नाही. मी भूगोलाचा विद्यार्थी, तीन वर्षे नद्यांवर टिपणे काढलेला! बाबांनी जनावरे तेवढी गावात आणून बांधली. मोटार, पाइप आणि खताची पोती आखाड्यावरच राहिली. पहाटे आखाड्याच्या भिंतीला छातीएवढे पाणी होते. काढणीला आलेले सोयाबीन गेले, मोटारही गेली.

पाणी ओसरल्यावर गावात वाद सुरू झाला. कोणी म्हणे हे धरणाचे पाणी, कोणी म्हणे आपल्याच ओढ्यांनी घात केला, कोणी नदीच्या पात्रात माजलेल्या काटेरी झुडपांना दोष देई. बोलणारे पुष्कळ होते, पण कोणाच्याही हाती एक आकडा नव्हता. माझा धाकटा भाऊ बारावी विज्ञानाला आहे. स्थापत्य अभियांत्रिकी शिकून पाण्याच्या कामात जायचे, असे त्याने दहावीपासून मनाशी ठरवलेले. बाबांनी त्याला निक्षून सांगितले की ज्यांच्या पाण्याने आपले रान धुऊन नेले, त्यांच्या नोकरीला आपल्या घरातला मुलगा जाणार नाही. त्यावर भाऊ जेवणावरून उठला. घरात आठ दिवस अबोला होता.

त्याच दिवसांत आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याविषयी वाचू लागलो. अभियंता दिनाला ज्यांच्या प्रतिमेला हार घालतात ते गृहस्थ, एवढीच माझी त्यांची ओळख होती. वाचता वाचता १९०८ सालच्या हैदराबादच्या पुरापाशी आलो आणि थबकलो. आमच्या गावात जे प्रश्न वाऱ्यावर उडत होते, तेच प्रश्न या माणसाने एका बुडालेल्या शहरात उभे राहून विचारले होते, आणि त्यांची उत्तरे मोजून काढली होती.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. घराणे मूळचे तेलुगू मुलखातले. मोक्षगुंडम हे तिकडच्या गावाचे नाव. वडील संस्कृतचे जाणकार, घरची स्थिती बेताची. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मुलाने बंगळूरला शिकवण्या करून शिक्षण पुरे केले व तो बी. ए. झाला. मित्रहो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे की भारताचा हा थोर अभियंता आधी आपल्यासारखाच कला शाखेचा पदवीधर होता.

पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. आजचे पुण्याचे अभियांत्रिकी विद्यापीठ म्हणजे तीच जुनी संस्था. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून ते रुजू झाले. नेमणूक नाशिकला झाली. म्हणजे ज्या जिल्ह्यात आमची गंगा उगम पावते, तेथेच या तरुणाच्या नोकरीचा श्रीगणेशा झाला.

लवकरच त्यांना खानदेशात धुळ्याकडे धाडण्यात आले. तेथे पांझरा नदीखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम होते. पाणी एका काठाला खाली उतरवायचे आणि दुसऱ्या काठाला आपल्याच दाबाने वर चढू द्यायचे, अशी ही वक्रनलिकेची रचना. पावसाळा तोंडावर होता. नदीला पाणी आले, खोदलेल्या जागी वाळू भरली. काम पावसाळ्यानंतर करावे असे तरुण अभियंत्याने वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा त्यांनी माघार घेतली नाही, पुराशी झुंजत काम तडीस नेले. अंगावर नदीचे पाणी घेऊन शिकलेला हा पहिला धडा असावा. नदी कागदावर जशी दिसते तशी ती आषाढात नसते, हे त्यांना त्या वर्षी उमगले असले पाहिजे.

त्यानंतरची त्यांची कामे म्हणजे पाण्याच्या निरनिराळ्या अडचणींची एक मालिकाच आहे. सिंधमधील सक्कर येथे गावाला सिंधू नदीचे पाणी द्यायचे होते, पण ते गढूळ आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपून आलेले पाणी निवळ होऊन त्या विहिरीत जमू लागले आणि तेच उपसून गावाला दिले. हे वाचताना मला आमच्या आजीची आठवण झाली. वैशाखात गंगेच्या वाळूत झिरा उकरून, वाटीने पाणी भरून घेणाऱ्या आमच्याकडच्या बायका हेच तत्त्व पिढ्यान्पिढ्या वापरत आल्या. विद्या पुस्तकातली असो की वाळूतली, पाण्याचा स्वभाव ओळखणे हेच तिचे मूळ.

पुण्यास बदली झाल्यावर त्यांच्या हातून दोन मोठी कामे झाली. पहिले खडकवासल्याच्या धरणावरचे. मुठा नदीवरचे हे धरण पुण्याला पाणी पुरवी. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई येई. धरणाची उंची वाढवणे खर्चाचे व धोक्याचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडमीट करणारी दारे बसवली. पाणी ठरावीक पातळीला येईपर्यंत दारे मिटलेली राहत. त्याहून पाणी चढले की पाण्याच्याच जोराने आणि वजनांच्या तोलाने ती उघडत आणि पूर उतरला की पुन्हा मिटत. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी झालेल्या या कामामुळे भिंत न वाढवता तलावात आठ फूट जादा पाणी साठू लागले. या युक्तीचे एकस्व त्यांच्या नावे होते. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारे बसली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी वरचे पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. पुण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, वयाची शंभरी गाठत होते. कितीही कुशल माणसाचे काम असो, ते कायमचे अभेद्य नसते. म्हणून धरण बांधून झाले की अभियंत्याचे काम संपत नाही, ते रोज राखावे लागते, हा धडा महाराष्ट्राला त्या दिवशी फार महाग पडून मिळाला.

पुण्याचे दुसरे काम कालव्याच्या पाणीवाटपाचे. नीरा व मुठा कालव्यांच्या तोंडाशी असलेले शेतकरी उसाला भरपूर पाणी घेत आणि शेपटाकडच्या गावांना कोरडे राहावे लागे. विश्वेश्वरय्यांनी गटवार पाणी देण्याची पद्धत सुचवली. प्रत्येक गावात ठरावीक रानाचा गट पाडायचा, त्याच्या काही भागातच बारमाही पीक घ्यायचे, बाकीच्या भागात हलकी पिके घ्यायची आणि पाळी फिरवायची, म्हणजे तेच पाणी अधिक गावांना पुरते. सुरुवातीला विरोध झाला. तेव्हा त्यांनी लोकांपुढे जाऊन योजना समजावून सांगितली. कालव्याच्या तोंडाचा आणि शेपटाचा हा झगडा आमच्या परभणी जिल्ह्याला नवा नाही, म्हणून मला या कामाचे मोल विशेष वाटते.

१९०६ मध्ये त्यांनी एडनला जाऊन तिथल्या पाणीपुरवठ्याची पाहणी केली. परंतु इलाख्यातील सर्वोच्च पदे त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्यांकडेच जात. आपल्याला यापुढे वाव नाही हे ओळखून, सुमारे चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती पत्करली आणि ते युरोपच्या प्रवासाला गेले. तेथेच त्यांना निजाम सरकारचे बोलावणे आले.

येथे आपण थोडे थांबू या. तेव्हा आपले गंगाखेड, आपला परभणी जिल्हा, सारा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्या पणजोबांच्या वेळी दरबाराचे फर्मान निघे ते हैदराबादेहून. त्या राजधानीवर २८ सप्टेंबर १९०८ रोजी आकाश कोसळले. मुसी ही एरवी पायी ओलांडता येणारी नदी. शहराच्या वरच्या अंगाला शमशाबाद येथे २४ तासांत सुमारे १३ इंच पाऊस झाला. मुसी दोन्ही काठ सोडून वस्तीत शिरली. नदीवरचे तीन पूल निकामी झाले, जुना पूल तेवढा टिकला. अफझलगंज भागात एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, ते झाड हैदराबादकरांनी पुढे जपले. मृतांची संख्या सुमारे १५,००० मानली जाते, आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

विश्वेश्वरय्या एप्रिल १९०९ मध्ये हैदराबादला पोचले. तेव्हा पाणी ओसरून सहा महिने झाले होते. हानीचे चित्र तर सर्वांसमोर होतेच. या माणसाने त्यापुढचा प्रश्न विचारला. हे पाणी आले किती, आले कुठून आणि एवढ्या त्वरेने का आले? त्यांनी पावसाच्या नोंदी जमवल्या, मुसी आणि तिला मिळणारी ईसी या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांची पाहणी करवली, पात्रांची मोजणी केली. शहराच्या वरचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैलांचे. त्यात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे, तो फुटला की दोघांचे मिळून तिसऱ्यावर. अशा रीतीने आकाशातले पाणी आणि तलावांतले पाणी एकदम शहरावर आले. पुराच्या ऐन भरात नदीतून सेकंदाला ४,२५,००० घनफूट पाणी वाहत होते, असा अंदाज निघाला.

ज्या क्युसेकने मला त्या रात्री निरुत्तर केले, तो क्युसेक म्हणजे हाच. सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर, आपल्याकडच्या भाषेत दोन घागरी. म्हणजे मुसीतून दर सेकंदाला साडेआठ लाख घागरी पाणी चालले होते. एवढे साधे गणित मला त्या रात्री येत असते तर मी बाबांना निदान काही तरी सांगू शकलो असतो.

निदान झाल्यावर उपाय. शहराला नुसता तट बांधला तर एवढा पूर आवरणार नाही, हे आकड्यांनीच दाखवले होते. तेव्हा पूर शहरात येण्यापूर्वीच अडवला पाहिजे. त्यासाठी शहराच्या वरच्या अंगाला मुसीवर एक आणि ईसीवर एक अशी दोन धरणे त्यांनी सुचवली. पूर अडवणाऱ्या धरणाची रीत मला उमगली ती अशी. पावसाळ्यात जलाशयाचा काही भाग मुद्दाम रिकामा ठेवायचा. लोंढा आला की तो त्या रिकाम्या जागेत शिरतो. खालच्या पात्राला जेवढे पाणी पेलते तेवढेच दारांतून पुढे सोडायचे. पाणी तेवढेच येते, पण एका रात्रीत येण्याऐवजी दोन-तीन दिवसांत निघून जाते आणि पुराचा माथा उतरतो. पाहुणे एकदम आले तर घर लहान पडते, पाळीपाळीने आले तर तेच घर पुरते, तसा हा प्रकार आहे. याच्या जोडीला नदीचे काठ उंचावणे, काठाने रस्ते व बागा करणे आणि शहराचे सांडपाणी गटारांनी बाहेर काढणे याही सूचना त्यांनी केल्या.

त्यांच्या योजनेनुसार मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. त्याच पाण्यावर हैदराबाद शहराची तहान कित्येक दशके भागली. गटारांच्या कामासाठी ते १९२० नंतर पुन्हा हैदराबादला गेले होते. मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादने पुन्हा मोठा पूर सोसला. शहर वाढत जाऊन तलाव आणि नाले आक्रसले की पाणी आपली जुनी वाट शोधत घरात येते, हे तेव्हा पुन्हा दिसले.

हैदराबादचे काम मार्गी लागते न लागते तोच, १९०९ च्या अखेरीस, म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना मुख्य अभियंता म्हणून बोलावून घेतले. कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण ही त्यांची तेथली सर्वांत मोठी कामगिरी. १९११ मध्ये काम सुरू झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानचे दिवाण होते. बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना राखीव जागा देण्याच्या धोरणावरून त्यांचा महाराजांशी मतभेद झाला आणि ते पदावरून दूर झाले. या बाबतीत त्यांची बाजू आजच्या आपल्या पिढीला पटणार नाही, मलाही पटत नाही. परंतु चरित्र सांगायचे तर ते पुरते सांगावे. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि १४ एप्रिल १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका सांगतात, त्यांत मी शिरत नाही. त्यांची मोठी कामेच पुरेशी बोलकी आहेत.

आता आपल्या गंगेकडे वळतो. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागराची साठवण सुमारे १०२ टीएमसी, म्हणजे १०२ अब्ज घनफूट, आणि धरणाला २७ दारे. त्याच्या पाण्याखाली शंभरावर गावे गेली, तेव्हा आपली कोरडी राने भिजली, हे काठच्या माणसाने विसरू नये. एक लाख क्युसेक पाणी दिवसभर सोडत राहिले तर सुमारे साडेआठ टीएमसी पाणी जाते, हे गणित मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

मराठवाड्याचा पेच येथेच आहे. पूर अडवायचा तर धरण रिकामे हवे आणि दुष्काळ निभावायचा तर ते भरलेले हवे. ज्याने १९७२ चा दुष्काळ सोसला त्याला भरल्या पावसाळ्यात धरणातले पाणी सोडून देणे पाप वाटते. ज्याचे रान पुरात गेले त्याला भरलेले धरण म्हणजे टांगती तलवार वाटते. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. या दोघांच्या मधोमध अभियंता उभा असतो. वर किती पाऊस झाला, नद्या किती आणत आहेत, जलाशयात किती जागा आहे, खालच्या पात्राला किती पेलेल, याचा हिशेब करून त्याला दार किती उघडायचे ते ठरवायचे असते, तेही अपरात्री. दार उशिरा उघडले तर खालचा बुडतो, लवकर उघडले आणि पुढे पाऊस रुसला तर रब्बी बुडते. हे ओझे किती जड आहे, याची मला हे चरित्र वाचण्यापूर्वी कल्पना नव्हती.

म्हणून या क्षेत्रात शिकलेल्या माणसांची गरज आहे. आपल्या भावंडांना उपयोगी पडावे म्हणून थोडी माहिती देतो. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेतली की राज्याच्या जलसंपदा विभागात अभियंता म्हणून जाण्याची वाट खुली होते, पदवीधरांसाठी लोकसेवा आयोगाच्या परीक्षाही असतात. देशपातळीवर केंद्रीय जल आयोग आहे. नद्यांची पातळी मोजून पुराचे अंदाज देणे हे त्याचे एक काम, आणि आपल्या गंगाखेडलाही नदीची पातळी मोजली जाते. खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेली केंद्रीय जल संशोधन संस्था आहे, तेथे नद्यांच्या व धरणांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडून पाहतात. नाशिकला अभियांत्रिकी संशोधनाची मेरी ही संस्था आहे. १९८० मध्ये स्थापन झालेली वाल्मी ही संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, ती पाणी आणि जमीन यांच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देते.

आणि आपण कला शाखेचे विद्यार्थी? भूगोलाचा विद्यार्थी उपग्रहाच्या चित्रांवरून पूररेषेचे नकाशे करू शकतो. समाजशास्त्राचा विद्यार्थी पुनर्वसनाच्या कामात लागतो. पण मला सर्वांत निकडीचे वाटते ते भाषेचे काम. त्या रात्री क्युसेकचा आकडा आमच्यापर्यंत पोचला, अर्थ पोचला नाही. आकड्यांची भाषा अभियंत्याला कळते, पायऱ्यांची भाषा काठावरच्या माणसाला कळते. इतक्या क्युसेकला पाणी कोणत्या पायरीला लागेल, कोणाच्या आखाड्याला शिवेल, हे सांगणारा कोणी तरी मध्ये हवा. विश्वेश्वरय्या स्वतः मोजत आणि मोजलेले लोकांना समजावून सांगत, हे मला त्यांचे खरे मोठेपण वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे घरी सांगितले. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आम्हा दोघा भावांना घेऊन आखाड्यावर गेले. भिंतीवर पुराच्या गाळाची रेघ अजून दिसत होती. बाबांनी भावाला विचारले की तू हे शिकलास तर पुढच्या खेपेला पाणी या रेघेच्या वर जाईल की खाली राहील, हे मला आधी सांगता येईल का? भावाने प्रामाणिकपणे सांगितले की नेमके इंचावर नाही सांगता येणार, पण मोटार हलवायची की नाही एवढे नक्की सांगता येईल. बाबांनी बराच वेळ त्या रेघेकडे पाहिले. मग घरातला उरलासुरला तांबडा रंग आणून ती रेघ त्यांनी स्वतः पक्की केली आणि बाजूला साल व तारीख घातली. परत येताना ओढ्यापाशी थांबून, याचे पाणी त्या रात्री कुठवर चढले होते तेही त्यांनी भावाला दाखवले.

पुढे भावाने प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला, तेव्हा पैसे बाबांनी दिले. मोटार अजून घ्यायची राहिली आहे.

मित्रांनो, पूर येणे आपल्या हाती नाही. पण तो आल्यावर नुसता दोष वाटत बसायचे की त्याची खूण धरून ठेवायची, हे आपल्या हाती आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी नाशिक, धुळे, पुणे आणि हैदराबादच्या नद्यांच्या काठी एका माणसाने ही सवय लावून दाखवली. आपल्या गावाच्या घाटावर, देवळाच्या भिंतीवर, जुन्या वाड्याच्या जोत्यावर अशा किती तरी खुणा पुसत चालल्या आहेत. पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपण विद्यार्थ्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या उतरवून घ्याव्यात, एवढेच या चरित्राच्या निमित्ताने मला सुचवायचे आहे. आमच्या आखाड्याची रेघ त्या वहीतली पहिली नोंद समजावी.